रेतीचा हिशेब आणि जबाबदार स्वाक्षरी

भाईंदर स्थानक सोडून गाडी नायगावच्या दिशेने निघाली, की वसईच्या खाडीवरील पूल लागतो. एके काळी या खाडीतील रेती डुबी मारून, हातपाटीने काढली जाई. पुढे सक्शन पंप आले आणि उपशाला धरबंध राहिला नाही. महसूल खात्याचे छापे पडतात, पंप जप्त होतात, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच चक्र सुरू होते. चोरट्या उपशाची चर्चा पुष्कळ होते. पण खाडीत उपसण्याजोगी रेती मुळात किती, आणि तो आकडा कोणाच्या जबाबदारीवर सांगितला जातो, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही.

खनिजशास्त्रात ‘खनिजसंपदा’ आणि ‘खनिजसाठा’ या दोन संज्ञांत काटेकोर भेद केला जातो. भूगर्भात जे आहे आणि पुढेमागे काढणे शक्य होईल अशी वाजवी अपेक्षा आहे, ती संपदा. खर्च, तंत्र, कायदा, पर्यावरण आणि लोकजीवन या सर्व कसोट्या लावून जे खरोखर काढता येईल, तेवढाच साठा. पुलाच्या खांबांलगतची रेती कितीही उत्तम असली, तरी तिची गणना साठ्यात कदापि होऊ शकत नाही. भाईंदर पूर्वेच्या प्रवाशाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही; त्याची गाडी रोज त्याच खांबांवरून जाते.

हा विवेक सुटला म्हणजे काय होते, याचे उदाहरण २०२० च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशातील सोनभद्रने घालून दिले. तेथे तीन हजार टनांहून अधिक सोने सापडल्याची बातमी देशभर पसरली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लगोलग खुलासा केला, की सुमारे ५२,८०६ टन धातुकात दर टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम, म्हणजे एकूण अवघे १६० किलो सोने आहे. टनांची गोष्ट किलोंवर आली. पण चुकीच्या आकड्याचा जाब कोणाला द्यावा लागला, असे दिसले नाही.

अशा आवयांची किंमत इतर देशांनी मोजली आहे. ऑस्ट्रेलियात १९६९-७० मध्ये निकेलच्या वार्तांवर पोसायडन कंपनीचे समभाग आकाशाला भिडले आणि कोसळले. त्यानंतर १९७१ मध्ये समिती नेमली गेली व १९८९ मध्ये ‘जॉर्क’ संहिता प्रसिद्ध झाली. इंडोनेशियातील बुसांग येथे कॅनडाच्या ब्रे-एक्स कंपनीने खडकाच्या नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे १९९७ मध्ये उघडकीस आले, तेव्हा कॅनडानेही २००१ मध्ये कडक नियम केले. या नियमांचे सार साधे आहे. आकडा जाहीर करणाऱ्याने त्याचा आधार उघड करावा, महत्त्वाचे काही दडवू नये, आणि त्या अंदाजाची जबाबदारी नाव घालून एका सक्षम तज्ज्ञाने घ्यावी. त्या तज्ज्ञाला त्या प्रकारच्या खनिजाचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, आणि चुकल्यास शिस्तभंगाची कारवाई करू शकणाऱ्या व्यावसायिक संस्थेचा तो सदस्य हवा.

भारतही २०१९ मध्ये स्वतःची संहिता घेऊन या आंतरराष्ट्रीय परिवारात दाखल झाला. परंतु रेती पडली गौण खनिज! तिच्यासाठी जिल्हा सर्वेक्षण अहवाल असतो. उपसलेली रेती निसर्ग किती काळात भरून काढतो, याच्या अभ्यासावाचून असा अहवाल ग्राह्य धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बजावले. हे योग्यच झाले. भरती-ओहोटीने आणि पावसाळी पुराने तळ सतत बदलणाऱ्या खाडीत गतसालचा आकडा यंदा खरा असेलच, असे नाही.

तेव्हा आणखी एक पाऊल टाकणे अगत्याचे आहे. रेतीगटाच्या प्रत्येक लिलावासोबत मोजणीची तारीख, पद्धत, वगळलेले क्षेत्र आणि अंदाज करणाऱ्या भूवैज्ञानिकाचे नाव जनतेसमोर यावे. सोन्याच्या आकड्यामागे जबाबदार स्वाक्षरी लागते, तर हजारो प्रवाशांचा भार वाहणाऱ्या पुलाखालील रेतीच्या ब्रासांमागे ती का नसावी, याचे उत्तर शासनाने द्यावयास हवे.