चेंडूचं अंडं का होतं?

दोस्तांनो, समजा शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ तुम्ही कॉम्प्युटरवर उतरवून घेतलात. गावी आजी-आजोबांकडे डीव्हीडी प्लेअर आहे, म्हणून त्याची डीव्हीडी केलीत. त्यांनी ती हौसेनं लावली, तर लेझीम खेळणारी सगळी मुलं काठीसारखी बारीक न् उंच! आजीला आपला नातूही ओळखू येईना! डीव्हीडी बिघडली का? छे, गडबड झाली ती चित्राच्या प्रमाणात.

चित्राची रुंदी आणि उंची यांच्या प्रमाणाला ‘आस्पेक्ट रेशो’ म्हणतात. जुन्या खोक्यासारख्या टीव्हीचं प्रमाण होतं ४:३, म्हणजे रुंदी ४ भाग, तर उंची ३ भाग. आताच्या पसरट टीव्हीचं असतं १६:९.

आता खरी गंमत. आपल्याकडच्या ‘पाल’ पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र साधारणपणे ७२० ठिपके रुंद आणि ५७६ ठिपके उंच साठवतात. प्रमाण ४:३ असो की १६:९, ठिपके तेवढेच! करा बरं भागाकार. ७२० भागिले ५७६ म्हणजे १.२५. पण ४:३ म्हणजे १.३३ आणि १६:९ म्हणजे १.७८. एकाशीही जुळत नाही! म्हणून डीव्हीडीवर एक खूण नोंदवलेली असते. चित्र किती ताणायचं, ते तिच्यावरून ठरतं. १६:९ च्या चित्रावर ४:३ ची खूण पडली, की माणसं पाऊणपट रुंद दिसतात. उलट झालं, की सगळे गोलमटोल!

ही युक्ती जुनीच आहे बरं का. गुरुदत्त यांचा १९५९ सालचा ‘कागज के फूल’ हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. सिनेमास्कोपमध्ये कॅमेऱ्याचं खास भिंग रुंद दृश्य दाबून फिल्मवर बसवायचं आणि थिएटरातलं भिंग ते पुन्हा पसरायचं.

तेव्हा डीव्हीडी करण्याआधी मूळ फाइलचं माप बघा. ६४० बाय ४८० असेल तर ४:३ निवडा, १२८० बाय ७२० असेल तर १६:९. मोबाइल उभा धरून घेतलेला व्हिडिओ असेल, तर १६:९ निवडून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या. मग ७२० पैकी जेमतेम २२८ ठिपक्यांच्या रुंदीत चित्र मावतं! काहींना या पट्ट्या खटकतात, मग ते चित्र ताणून पडदा भरतात. मला विचाराल तर पट्ट्या परवडल्या, पण ताईचा चेहरा भोपळ्यासारखा नको.

आणि हो, आधी पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर करून बघा. व्हिडिओत चेंडू दिसला की चित्र थांबवा आणि पट्टीनं त्याची रुंदी नि उंची मोजा. (ताट किंवा चाक नको. ते तिरपं असलं की एरवीही लांबटच दिसतं.) दोन्ही मापं सारखी आली की झालं! कॉम्प्युटरवर चेंडू गोल, पण टीव्हीवर अंडं, असं दिसलं तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार कोणता निवडलाय ते तपासा. तोवर मूळ फाइल मात्र पुसू नका हं!