समुद्राच्या आधी नळदुर्ग

आम्हा नवरा-बायकोला बेटांचं आणि किनाऱ्यांचं वेड. पाठीवर सॅक टाकायची, मिळेल ती बोट पकडायची, वाळूवर दिवस काढायचा. कारण सरळ आहे. आम्ही धाराशिव जिल्ह्यातले, टँकरची वाट बघत लहानाचे मोठे झालो. 2016 मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखातल्या माणसाला भरलेलं पाणी दिसलं की तिथून पाय निघत नाही. पण पाण्याच्या पोटात बसल्यासारखं वाटलं ते कुठल्याही बेटावर नाही, तर घराजवळच्या नळदुर्गात.

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, तुळजापूर तालुक्यात हा किल्ला आहे. सोलापूरहून एसटीने तास-दीड तासात पोहोचता येतं. बोरी नदीचं पाणी तटाभोवती खेळवलेलं, आणि पलीकडच्या काठावर रणमंडळ हा जोडकिल्ला. या दोहोंना जोडणारा दगडी बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात उभा राहिला. मीर इमादीन या वास्तुकाराचं नाव आणि साधारण 1613 हे साल तिथल्या फारसी शिलालेखाशी जोडलेलं आहे. बंधारे तर अनेकांनी बांधले. या माणसाने बंधाऱ्याच्या पोटात महाल बसवला!

आम्ही भाद्रपदात गेलो. बोरी धरण भरून नदी सांडत होती. बंधाऱ्यातल्या अरुंद पायऱ्या चाचपडत खाली उतरलो. आत गारवा, भिंतीला हात लावला तर दगडातून पाण्याची थरथर तळव्याला कळत होती. ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांतून पाणी डोक्यावरून झेपावत होतं, आणि पाणीमहालाच्या खिडकीत आम्ही कोरडे! समोर नुसता पांढरा पडदा. आवाज इतका, की बायको कानाशी येऊन बोलली तरी कळेना. मग बोलणंच थांबवलं आणि तासभर बसून राहिलो.

नळदुर्ग तसा जोडप्यांचाच गाव म्हणायचा. नाव नळराजाचं, त्यामुळे नळ-दमयंतीची आख्यायिका इथे आहेच. खंडोबा आणि बाणाईचं लग्न इथेच लागलं, अशी भाविकांची श्रद्धा. खंडोबा वर्षातले काही महिने शेजारच्या अणदूरला आणि काही महिने नळदुर्गला मुक्कामाला असतो. देवसुद्धा इथे एका जागी राहत नाही.

किल्ल्यातल्या उपळी बुरुजावर मात्र चढाच. तोफा आहेत, आणि सगळा पसारा एका नजरेत येतो. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा ब्रिटिश अधिकारी मेडोज टेलर 1853 पासून चार वर्षं इथूनच जिल्ह्याचा कारभार बघत होता. तेव्हा जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गला होतं. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली सॅकमध्ये असली की अख्खा दिवस जातो.

अनेक नवी जोडपी लग्नानंतर तुळजाभवानीच्या दर्शनाला येतात. तुळजापूरहून नळदुर्ग जवळ आहे, आणखी एक दिवस काढा. फक्त निघण्याआधी बोरी धरण भरलं का, याची चौकशी करा, कारण पाऊस कमी झाला तर नर-मादी कोरडेच राहतात. पायऱ्या निसरड्या असतात, चपला घालून जाऊ नका.