तिकिटावरचा मोबाइल नंबर कोणाचा?



गेल्या वर्षी एका स्पर्धेसाठी आम्ही दोन विद्यार्थ्यांना घेऊन दिल्लीला निघालो. पहाटे जोयडा सोडले, अनमोड घाट उतरलो आणि तिकिटावरील वेळेच्या दोन तास आधी दाबोळीला पोहोचलो. विमान पाऊण तासापूर्वीच उडाले होते! कंपनीने सुटण्याची वेळ पावणेतीन तास अलीकडे आणली होती. तसा संदेशही पाठवला होता, पण तो एजंटाच्या मोबाइलवर गेला. तिकिटावर नंबर त्याचाच होता आणि आम्ही तो तपासला नव्हता. मुलांची स्पर्धा हुकली, संस्थेचे पैसे गेले. ही चूक आमची. ती दुसऱ्या कोणाकडून होऊ नये म्हणून हा लेख.

तिकीट हा एक करार असतो. त्याच्या अटी बारीक इंग्रजी अक्षरांत असतात. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आम्हीही त्या न वाचताच 'मान्य आहे' म्हणत आलो. आता शब्दकोश घेऊन वाचल्या. त्यांतील कामाच्या गोष्टी अशा :

१) नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे उड्डाण रद्द झाल्यास कंपनीने दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा द्यायचा असतो. अगदी ऐनवेळी, म्हणजे २४ तासांच्या आत कळवले, तर प्रवासाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, अथवा मूळ भाडे व इंधन आकार, यांपैकी कमी असेल ती रक्कम भरपाई म्हणून मिळते. वादळ, संप, दंगल अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी मात्र भरपाई नाही. आणि ज्याने स्वतःचा संपर्क नीट दिला नाही, त्यालाही नाही! नंबराचे महत्त्व येथे आहे.

२) उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो.

३) विमान आपल्यामुळे चुकले तरी सरकारी कर व विमानतळाचे शुल्क परत मिळते. ते मागून घ्यावे.

४) 'गोवा' एवढेच वाचून निघू नये. ५ जानेवारी २०२३ पासून मोपा विमानतळही सुरू आहे. तिकिटावर 'जीओआय' असेल तर दाबोळी, 'जीओएक्स' असेल तर मोपा.

आता विम्याविषयी. तिकीट काढताना एका छोट्या चौकोनात खूण केली की विमा उतरतो, पण तो कशासाठी हे कोणी पाहत नाही. आजारपण, अपघात, घरातील मृत्यू यांमुळे प्रवास रद्द झाल्यास साधारणतः पैसे मिळतात. आपण स्वतःहून बेत बदलला किंवा परीक्षेची तारीख पुढे गेली, तर बहुधा मिळत नाहीत. कंपनीच बुडाली तर? गो फर्स्टची उड्डाणे ३ मे २०२३ पासून बंद पडली आणि आगाऊ तिकिटे काढलेल्यांचे पैसे अडकले. अनेक पॉलिसींत कंपनीच्या दिवाळखोरीला संरक्षण नसते. विमा घेण्यापूर्वी 'काय मिळणार नाही' हे पान आधी वाचावे. उशीर झाल्यास कंपनीकडून लेखी दाखला घ्यावा, जेवणाच्या व राहण्याच्या पावत्या जपाव्यात. दावा करताना त्याच मागतात.

डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी अपुरी पडल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. विमानतळावर लोकांचे अतोनात हाल झाले. ज्यांना संदेश वेळेवर मिळाला, त्यांना निदान घरूनच दुसरी सोय पाहता आली. आपल्या तालुक्यात तर कित्येक गावांत मोबाइलला रेंज नसते. म्हणून तिकिटावर आपला नंबर घालावाच, शिवाय रेंजमध्ये राहणाऱ्या एका नातेवाइकाला तिकिटाचा क्रमांक देऊन ठेवावा. निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीकडे वेळेची खात्री करावी.

विद्यार्थ्यांना एक गृहपाठ. तुमचा काका किंवा दादा मुंबई-दुबईहून येणार असेल, तर त्याचे तिकीट मागून घ्या आणि आजी-आजोबांना अटींसह मराठीत समजावून सांगा. शाळेने तर आता ठरवलेच आहे : यापुढे सहलीचे वा स्पर्धेचे प्रत्येक तिकीट दोन शिक्षक वाचतील, आणि पहिली नजर मोबाइल नंबरावर टाकतील.