सुई टोचून झाल्यावर

घरात इन्शुलिनचे पेन आले, की ते कसे वापरायचे हे डॉक्टर नीट समजावून सांगतात. किती युनिट घ्यायचे, कोठे टोचायचे, पेन कोठे ठेवायचे, हे सारे आपण लक्षात ठेवतो. एक प्रश्न मात्र बहुधा विचारायचा राहून जातो. टोचून झाल्यावर त्या सुईचे करायचे काय?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्या सर्वांना इन्शुलिन लागत नाही. पण ज्याला ते दिवसातून ४ वेळा घ्यावे लागते आणि जो दर वेळी नवी सुई वापरतो, त्याच्या एकट्याच्या वर्षाला १,४६० सुया होतात. रुग्णालयातील सुया न टोचल्या जाणाऱ्या डब्यात गोळा होतात आणि निर्जंतुक करून नष्ट केल्या जातात. घरातील सुई मात्र अनेकदा भाजीच्या देठांबरोबर पातळ पिशवीत जाते.

पिशवी तिला का अडवू शकत नाही? वर्गात आपण शिकवतो, की दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल. पेनची सुई पाव मिलिमीटरहूनही बारीक असते. तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ०.०४ चौरस मिलिमीटर भरते. तिच्यावर केवळ १०० ग्रॅम वजनाइतके बल पडले, तरी टोकाशी निर्माण होणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २४० पट होतो. टोक तिरके छाटलेले असल्याने प्रत्यक्षात तो याहूनही अधिक असतो. पिशवी उचलताना हाताचा ओझरता दाब पडला, तरी सुई बाहेर येते.

हा हात बहुतेक वेळा आपला नसतो. कचरा वेगळा करणाऱ्या सफाई कामगाराचा किंवा कचरावेचक बाईचा असतो. सुई टोचल्याने मधुमेह होत नाही, हे खरे. पण सुईवरील रक्तातून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एच.आय.व्ही. यांचे विषाणू दुसऱ्याच्या शरीरात जाऊ शकतात. त्यांपैकी हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. आपल्या रक्तात असा विषाणू नाही, हे आपल्याला ठाऊक असेलही. जिला सुई टोचली तिला ते कसे कळणार? तिच्या वाट्याला तपासण्या, बुडालेला रोज आणि कित्येक आठवड्यांची धास्ती येते.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. फिनेल किंवा द्रवरूप साबणाची जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्यावी. काचेची नको, ती फुटते. पाण्याची पातळ बाटलीही नको. तिच्यावर ‘वापरलेल्या सुया – उघडू नये’ असे ठळक लिहावे. हे लिहिणे महत्त्वाचे, कारण चांगली बाटली भंगारात विकली जाते आणि कोणीतरी ती रिकामी करू पाहतो.

पेनच्या सुईला दोन टोके असतात. मागचे टोक औषधाच्या नळीचे रबरी बूच भेदते. म्हणून सुई पेनवर तशीच ठेवू नये; ठेवल्यास औषध गळते किंवा आत हवा शिरते. बाहेरचे मोठे टोपण टेबलावर ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवावी, मग फिरवून काढावी आणि लगेच बाटलीत टाकावी. आतले बारीक टोपण पुन्हा लावू नये; ते लावतानाच बोटाला टोचते. साध्या सिरिंजला टोपण न लावता ती थेट बाटलीत टाकावी. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. तीन चतुर्थांश भरली, की झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी गुंडाळावी.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. त्यामुळे ही बाटली सुक्या कचऱ्यात न मिसळता, काय आहे ते सांगून, वेगळी द्यावी. जवळचे रुग्णालय ती स्वीकारते का, हेही विचारून पाहावे. संपलेले पेन सुई काढून जुन्या औषधांबरोबर द्यावे. पेनमध्ये थोडे रक्त मागे ओढले जाऊ शकते. म्हणून नवी सुई लावूनही एकाचे पेन दुसऱ्याने वापरू नये.

सुया जाळून वा पुरून प्रश्न सुटत नाही. कचऱ्याच्या आगीत प्लॅस्टिक जळून विषारी धूर होतो, पोलादाचे टोक मात्र उरते. पुरलेली सुई पावसाने माती वाहून गेली, की पुन्हा वर येते.

कोणाला सुई टोचलीच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये, चोखू नये. त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर डॉक्टरांकडे जावे. एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. हिपॅटायटिस बीवर लस आहे.

वर्गात एक प्रयोग सहज करता येईल. दुधाची पिशवी, पाण्याची बाटली आणि फिनेलची बाटली यांचे तुकडे जाड पुठ्ठ्यावर ठेवून शिक्षकांनी नव्या टाचणीने टोचून दाखवावेत. वापरलेली सुई यासाठी कधीही घेऊ नये. कोणता तुकडा किती जोर लावल्यावर भेदला जातो, हे मुलांनी वहीत नोंदवावे. दाबाचा धडा त्यांना कळेलच. शिवाय घरी आजोबांच्या पेनशेजारी एखादी जाड बाटली ठेवली गेली, तर सकाळी कचरा उचलायला येणाऱ्या बाईंचा हात सुखरूप राहील.