दारावरची पाटी आणि खिशातली पाटी

वाचकहो, गावात नवे डॉक्टर आले किंवा नव्या वकिलांनी कचेरी थाटली, म्हणजे पहिल्याने आपल्याला काय दिसते? दारावरची पाटी. तिच्यावर नाव असते, पदवी असते आणि वेळ असते. एवढ्या तीन ओळींवर माणूस ठरवतो, की आत जावे की न जावे, आणि आताच जावे की संध्याकाळी यावे. आज या पाटीला एक जोडीदारीण मिळाली आहे. लिहिताना तिला संकेतस्थळ म्हणतात, बोलताना आपण सरळ वेबसाइट म्हणतो. ही पाटी दारावर नसते, ती रोग्याच्या आणि पक्षकाराच्या खिशातल्या मोबाइलवर असते. ती चांगली कशी करावी, याचा थोडा विचार आज आपण करू.

आता तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या बड्या कंपन्यांचे काम. आम्हां खेड्यातल्या माणसांना त्याचे काय? बरे, हिशेब करून पाहू. समजा, श्रीगोंद्याला एक डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे काष्टी, बेलवंडी, मांडवगण, पेडगाव अशा चहूकडच्या गावांतून माणसे येतात. एखादी बाई तापलेले मूल कडेवर घेऊन एसटीने येते, बरोबर घरचे एक माणूस असते. दोघांचा रोज बुडतो, तिकिटाचे पैसे जातात. आणि दवाखान्यापाशी येऊन पाहावे, तर दाराला कुलूप! डॉक्टर दोन दिवस परगावी गेलेले असतात. ही बातमी घरी बसल्या मोबाइलवर कळली असती, तर तो दिवस वाया गेला नसता आणि मुलाला वेळेवर दुसरीकडे नेता आले असते. म्हणजे संकेतस्थळ ही शोभेची वस्तू नव्हे. तिच्यात गरिबाचा रोज अडकलेला आहे.

याहून गंभीर गोष्ट सांगतो. उसाला रात्रीच्या पाळीने पाणी धरताना साप चावण्याचे प्रसंग आपल्याकडे घडतात. अशा वेळी घरचा मुलगा घाबऱ्या घाबऱ्या मोबाइल उघडून जवळचा दवाखाना शोधतो. त्या पानावर 'आपल्या सेवेस सदैव तत्पर' असे ठळक लिहिलेले असते; पण सर्पदंशावरचे औषध तेथे आहे की नाही, रात्री कोणी असते की नाही, याविषयी चकार शब्द नसतो. त्याऐवजी दोनच ओळी असाव्यात: 'सर्पदंशावरील उपचार येथे होत नाहीत. तातडीच्या प्रसंगी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.' नाही म्हणणारी ही ओळ सगळ्या सुंदर चित्रांहून मोलाची आहे, कारण तिने वाटेत जाणारा वेळ वाचतो.

या पाटीचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनीव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत काम करीत असताना ही युक्ती काढली, आणि १९९१ साली तिची माहिती बाहेरच्या जगाला झाली. ३० एप्रिल १९९३ रोजी 'सर्न'ने ती सर्वांना फुकट वापरावयास मोकळी केली. आपल्या देशात सामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. युक्ती मोकळी ठेवली, म्हणूनच श्रीगोंद्याच्या एका खोलीत बसणाऱ्या वकिलालाही आज कोणाची परवानगी न घेता आपले पान जगापुढे मांडता येते. सोय मिळाली; आता ती वापरावयाची कशी हे आपल्या हाती आहे.

पहिली गोष्ट मांडणीची. पुष्कळ ठिकाणी पान उघडले, की वर मोठे चित्र सरकत असते. एक जाते, दुसरे येते. मग 'स्वागत', मग 'आमच्याविषयी', मग 'आमचे ध्येय'. भेटीची वेळ शोधत शोधत माणूस तळाला पोचतो, तेव्हा कोठे ती बारीक अक्षरांत सापडते, किंवा सापडतच नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली ही गत! येणाऱ्याच्या मनात प्रश्न असतात ते साधे: हे कोण आहेत? माझे काम करतात का? कोठे बसतात? केव्हा भेटतात? पैसे किती पडतील? फोन कोणता? या सहा प्रश्नांची उत्तरे मोबाइलच्या पहिल्या एक-दोन पडद्यांवर आली पाहिजेत. मग खाली काय हवे ते सांगावे.

पत्ताही आपल्या पद्धतीने द्यावा. नुसता घरक्रमांक लिहून खेड्यातल्या माणसाला उमगत नाही. 'एसटी स्थानकातून बाहेर पडल्यावर डाव्या हाताला, औषधाच्या दुकानावर, पहिला मजला' असे लिहावे. जिना चढावा लागत असेल तर तेही लिहावे, म्हणजे गुडघे धरलेल्या आजोबांना आणणारा आधीच विचार करील. फोनचा आकडा असा घालावा, की त्यावर बोट ठेवताच फोन लागेल. आकडा चित्रात रंगवून ठेवला, तर तो कागदावर उतरवून घ्यावा लागतो, आणि त्यात एक अंक चुकला की सारेच चुकले.

आता काय लिहावे आणि काय लिहू नये, हे पाहू. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ सालचे नियम आहेत. स्वतःची जाहिरातबाजी करणे त्यांत गैर मानले आहे. मात्र काही गोष्टी वर्तमानपत्रांतून जाहीर करण्यास मुभा दिली आहे: व्यवसाय सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस गैरहजर आहे, पुन्हा काम सुरू केले, आणि शुल्क अमुक आहे. गंमत पाहा! रोग्याला जे जाणून घ्यावयाचे असते, नेमके तेच सांगण्याची ही मुभा आहे. आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि चिठ्ठीवर व पावतीवर छापावा, असेही नियम सांगतो. तोच क्रमांक संकेतस्थळावर घातला, तर येणाऱ्याला खऱ्याखोट्याची पारख करता येते. वकिलांचेही तसेच. त्यांना जाहिरात करण्यास मनाई आहे. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ साली नियमात दुरुस्ती करून संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, सनदेची नोंद, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढे देण्यास परवानगी दिली. तेव्हा 'हमखास जामीन', 'शंभर टक्के गुण' अशी भाषा जेथे दिसेल, तेथे वाचणाऱ्याने सावध व्हावे आणि लिहिणाऱ्याने ती पुसून टाकावी.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या श्रीगोंद्याला शेख महंमद महाराजांचा वारसा आहे. जन्माने मुसलमान असलेल्या या संताने 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठी ओव्यांत लिहिला. योगासारखा गहन विषय लोकांच्या बोलीत सांगता येतो, तर दवाखान्याची वेळ का सांगता येऊ नये? मूळ पान इंग्रजीत करून त्याचे यंत्राकडून मराठी करवून घेणे, यात भलभलते शब्द येतात. 'सल्लामसलत शुल्क' असे लिहिण्यापेक्षा 'तपासणीची फी' लिहावे. 'स्थावर मालमत्ताविषयक विवाद' असेल तेथे कंसात 'जमिनीचा, वाटणीचा दावा' असे घालावे. पक्षकार ज्या शब्दांनी विचारतो, त्याच शब्दांनी त्याला उत्तर मिळाले पाहिजे.

भाषेला लागूनच लिपी येते, आणि येथे शिक्षकमित्रांनी विशेष लक्ष द्यावे. छापखान्यात आणि टंकलेखनाच्या दुकानांत जुन्या पद्धतीचे मराठी टंक अजून वापरले जातात. त्यांतला मजकूर संकेतस्थळावर उचलून टाकला, तर तो टंक नसलेल्या मोबाइलवर अक्षरांची नुसती खिचडी दिसते. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला एक क्रमांक. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. अशा मजकुराचा शोध लागतो, तो मोठा करून वाचता येतो, आणि डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाला यंत्र तो वाचूनही दाखवते. चित्रात लिहिलेल्या मजकुराला यांतले काहीच धड साधत नाही.

देवनागरीचा देह रोमन अक्षरांहून निराळा आहे. तिला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरे. म्हणून दोन ओळींत अंतर जास्त ठेवावे लागते, अक्षराच्या उंचीच्या दीडपट किंवा थोडे अधिकच. इंग्रजीप्रमाणे अक्षरे एकमेकांपासून लांब केली, की शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तेव्हा तो मोह टाळावा. पान मराठी आहे, अशी नोंद पानाच्या आतल्या खुणांत करता येते. ती केली, म्हणजे सोय असलेल्या टंकांत 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे उमटतात, आणि वाचून दाखवणारे यंत्रही मराठी उच्चार निवडते. सुबक टंकांचीही आज वाण नाही. प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी टंक घडवला. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांचा 'मुक्त' टंक तर फुकट मिळतो.

रंगाचेही एक माप आहे. जागतिक वेब संघटनेने २००८ साली घालून दिलेल्या मार्गदर्शनात, साध्या मजकुराचे अक्षर आणि त्याच्या मागची जागा यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावे, असे सांगितले आहे. फिकट करड्यावर पांढरे अक्षर घरात बसून नाजूक दिसते. पण भर उन्हात, बांधावर उभे राहून वाचायचे म्हटले तर काहीच दिसत नाही. पांढऱ्यावर काळे, हे पाटीवरच्या खडूइतकेच जुने आणि भरवशाचे शहाणपण आहे.

तिसरी गोष्ट वजनाची. होय, पानालाही वजन असते! मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज ४ मेगाबाइटचा असतो. एका बाइटचे ८ बिट, म्हणजे तो झाला ३२ मेगाबिट. वस्तीवर रेंज मंद असली आणि सेकंदाला १ मेगाबिट एवढीच माहिती येत असली, तर या एका फोटोलाच ३२ सेकंद लागतील. असे पाच फोटो असले तर अडीच मिनिटांहून जास्त! तेवढा वेळ कोण थांबतो? तोच फोटो लहान करून २०० किलोबाइटवर आणला, तर दोन सेकंदांच्या आत येतो आणि मोबाइलवर डोळ्यांना फरकही जाणवत नाही. वर्गात गुणाकार शिकवताना हे उदाहरण अवश्य घ्यावे.

चौथी गोष्ट विश्वासाची. पुष्कळ पानांवर एक अर्ज असतो: नाव, वय, पत्ता, आजार, तक्रार. जितके नडते तितकेच विचारावे. वेळ ठरवण्यापुरते नाव आणि फोन पुरे. रोगाची हकीकत डॉक्टरांच्या खोलीत सांगावयाची असते. लोकांच्या खाजगी माहितीचे रक्षण करण्यासाठी आपल्या संसदेने २०२३ साली कायदाही केला आहे. मजकूर वाटेत कोणी वाचणार नाही अशी व्यवस्था पानाला आहे की नाही, तेही पाहावे. ही व्यवस्था आज विनामूल्य मिळू शकते. आणि संकेतस्थळाचे नाव नेहमी डॉक्टरांच्या किंवा वकिलांच्या स्वतःच्या नावावर नोंदवावे, करून देणाऱ्याच्या नव्हे. नाही तर तो गाव सोडून गेला, की पाटीही त्याच्याबरोबर गेली! नावाचे भाडे वेळच्या वेळी भरण्याची आठवण कंपाउंडरच्या वहीत लिहून ठेवावी.

पाचवी गोष्ट ताजेपणाची. खोटी वेळ सांगणारी पाटी, नसलेल्या पाटीहून वाईट. सुट्टी, बदललेली वेळ, बदललेली फी ही त्याच दिवशी पानावर आली पाहिजे. हे काम एका माणसाकडे नेमून द्यावे, आणि 'शेवटची दुरुस्ती अमुक तारखेस' अशी ओळ तळाशी घालावी. तारीख पाहून वाचणाऱ्याला भरवसा येतो.

आता शेवटी, केलेले पान चांगले की वाईट हे ओळखावे कसे? त्याला एक स्वस्त परीक्षा आहे. जेकब नील्सन या जाणकाराने २००० साली असे मांडले, की पाच माणसांना पान वापरावयास लावून बघितले, तरी त्यातले बहुतेक दोष उघडे पडतात. ही पाच माणसे कॉलेजातली नकोत. एक आजी घ्यावी, एक ऊसतोडणीवाला, एक सातवीतला मुलगा, एक दुकानदार आणि एक शिक्षक. त्यांच्या हाती मोबाइल देऊन तीन कामे सांगावी: उद्या दवाखाना उघडा आहे का ते पाहा, फी किती ते सांगा, तेथे फोन लावा. मग आपण तोंडातून शब्द काढू नये. बोट कोठे अडखळते, कपाळाला आठी कोठे पडते, एवढेच पाहावे आणि टिपून ठेवावे. जेथे आजी अडली, तेथे पान चुकले. आजी चुकल्या असे म्हणावयाचे नाही.

शिक्षकमित्रांनो, गावातले डॉक्टर आणि वकील शुद्ध मराठी मजकुरासाठी कधी ना कधी तुमच्याकडेच येतील. तेव्हा नुसते ऱ्हस्व-दीर्घ तपासून कागद परत करू नका. त्यांना वरचे सहा प्रश्न विचारा. आणि शेतकरी बंधुभगिनींनो, तुम्हीही गप्प राहू नका. पुढच्या खेपेला फी देताना एवढेच म्हणा, 'डॉक्टरसाहेब, सुट्टी असली तर मोबाइलवर लिहीत जा, म्हणजे आमचा हेलपाटा वाचेल.' मागणी असली, की पुरवठा होतो. पाटी ज्याच्यासाठी लावलेली असते, त्यानेच ती नीट लावून घेतली पाहिजे.