२१ ऑक्टोबरला पोलीस मैदानावर नावं का वाचतात? शहीद पोलिसाच्या सन्मानाची सगळी माहिती सोप्या भाषेत

नंदुरबार : दरवर्षी २१ ऑक्टोबरला सकाळी जिल्हा पोलीस मुख्यालयात परेड उभी राहते. बंदुका उलट्या होतात, बिगुल वाजतो आणि एक अधिकारी नावं वाचायला लागतो. कुणी छत्तीसगडचा, कुणी पंजाबचा, कुणी आपल्या महाराष्ट्राचा. वर्षभरात देशात कर्तव्यावर असताना मरण आलेल्या पोलिसांची ती नावं असतात. दुपारपर्यंत फोटो व्हॉट्सअपवर फिरतात, लोक हात जोडल्याचं चिन्ह टाकतात आणि विषय संपतो.

पण हा दिवस आला कुठून, शहीद कोणाला म्हणतात, पदक कसं मिळतं आणि सलामीनंतर त्या घराचं पुढं काय होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. अक्कलकुवा, धडगावपासून नवापूरपर्यंत आपल्या सहाही तालुक्यांत आज पोलिसात असलेली किंवा भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी आहेत. त्यामुळे ही माहिती घराघरात असायला हवी.

२१ ऑक्टोबर हाच दिवस का?

गोष्ट १९५९ सालची आहे. लडाखमध्ये तिबेटला लागून असलेल्या सीमेवर तेव्हा गस्तीचं काम पोलीस दलाकडे होतं. हॉट स्प्रिंग्ज नावाच्या ठिकाणाहून २० ऑक्टोबरला तीन तुकड्या पुढं पाठवल्या होत्या. दोन परत आल्या. तिसऱ्या तुकडीतले दोन शिपाई आणि एक हमाल परतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, २१ ऑक्टोबरला, अधिकारी करम सिंग साधारण वीस जवान घेऊन त्यांना शोधायला निघाले. टेकडीवर बसलेल्या चिनी सैनिकांनी त्यांच्यावर गोळीबार केला. जवान खाली उघड्यावर होते, आडोसा नव्हता. १० पोलीस जागीच गेले, काही जखमी झाले, काही चिन्यांच्या ताब्यात सापडले. मृतदेह मिळायलाही १३ नोव्हेंबर उजाडला. हॉट स्प्रिंग्जलाच त्यांच्यावर इतमामात अंत्यसंस्कार झाले.

जानेवारी १९६० मध्ये सगळ्या राज्यांच्या पोलीस प्रमुखांच्या परिषदेत ठरलं की २१ ऑक्टोबर हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळायचा. तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. हरवलेल्या आपल्या तीन माणसांना शोधायला गेलेल्यांचा हा दिवस आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी त्या सलामीचा अर्थ कळतो.

परेडमध्ये काय काय होतं?

सगळ्यात आधी डोळ्यात भरते ती उलटी बंदूक. तिला 'शोक शस्त्र' म्हणतात. एरवी जवान बंदुकीची नळी वर ठेवतो, इथं नळी जमिनीकडे आणि मान खाली. मग बिगुलावर शोकाची धून वाजते, दोन मिनिटं शांतता पाळली जाते, स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं जातं. बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदनाही देतात.

नावं वाचण्याचा हिशेब आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून चालू वर्षीच्या ३१ ऑगस्टपर्यंतचा असतो. त्यात मोठा अधिकारी आणि साधा शिपाई यांचं वाचन एकाच आवाजात, एकाच मैदानावर होतं. आयुष्यभर ज्याला कुणी 'साहेब' म्हटलं नाही, त्याच्या नावासमोरही त्या दिवशी पोलीस अधीक्षक मान खाली घालून उभे असतात.

दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ३० फूट उंच आणि २३८ टन वजनाचा एकसंध ग्रॅनाइटचा दगड तिथं उभा आहे. जवळच्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांची नावं कोरली आहेत. उद्घाटनाच्या वेळी ती ३४,८४४ होती. दिल्लीला गेलात तर इंडिया गेटबरोबर हेही ठिकाण बघून यावं.

हातात लाठी आणि समोर एके-४७

महाराष्ट्रात शहीद पोलीस म्हटलं की पहिलं नाव येतं तुकाराम ओंबळे यांचं. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातलं केडंबे हे त्यांचं गाव, डोंगरातलं, आपल्या सातपुड्यातल्या गावांसारखंच. आधी सैन्यात नोकरी, नंतर मुंबई पोलिसात. सहायक पोलीस उपनिरीक्षक म्हणून डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात होते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. मध्यरात्र उलटल्यावर गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत दोन अतिरेक्यांची गाडी अडवली गेली. चकमकीत एक मारला गेला. दुसरा, अजमल कसाब, याच्याकडे एके-४७ होती आणि ओंबळे यांच्या हातात लाठी. त्यांनी पुढं होऊन बंदुकीची नळीच हातांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांच्या अंगात गेल्या, पण पकड सुटली नाही. तेवढ्या वेळात बाकीच्या पोलिसांनी कसाबला जिवंत पकडलं.

तो जिवंत सापडला म्हणूनच पुढं खटला उभा राहिला आणि कट कुठं शिजला, माणसं कुठून आली, हे कोर्टासमोर पुराव्यानिशी आलं. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने फाशी सुनावली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात अंमलबजावणी झाली. एका माणसाने काही सेकंद नळी सोडली नाही, त्याचा हा परिणाम.

२६ जानेवारी २००९ रोजी ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं. त्याच हल्ल्यात गेलेले हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर या अधिकाऱ्यांनाही तोच सन्मान मिळाला. म्हणजे पदक देताना खांद्यावरचे तारे मोजले नाहीत, काम बघितलं.

गिरगाव चौपाटीवर आज ओंबळे यांचा पुतळा आहे. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी 'आयसियस तुकारामी' असं त्यांचं नाव दिलं. केडंबे गावात स्मारकासाठी मात्र १३ कोटी ४६ लाख रुपयांना मंजुरी मिळून पहिला हप्ता सुटायला मार्च २०२५ उजाडलं. हल्ल्याला तेव्हा सोळा वर्षं उलटून गेली होती.

गडचिरोलीची आठवण

मुंबईतला हल्ला सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. जंगलात गेलेल्यांची नावं मात्र तेवढी लक्षात राहत नाहीत. एकट्या २००९ सालात गडचिरोली जिल्ह्यात फेब्रुवारीत मरकेगाव, मे महिन्यात हत्तीगोटा आणि ८ ऑक्टोबरला लाहेरी अशा तीन मोठ्या घटनांत नक्षलवाद्यांनी पोलिसांना मारलं. लाहेरीत १७ पोलीस गेले. हत्तीगोट्यात महिला पोलीसही होत्या.

१ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, जांभुळखेडाजवळ सुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे १५ पोलीस आणि त्यांच्या खाजगी गाडीचा चालक ठार झाले. त्या दिवशी राज्यभर झेंडावंदन चालू होतं.

या यादीत शेतकरी आणि आदिवासी घरांतली पोरं मोठ्या संख्येनं आहेत. त्यांचा बाप शेतात राबत होता आणि पगाराची आशा घरातल्या एका नोकरीवर होती. म्हणून सन्मानाचा विचार करताना पुतळ्याइतकंच घराकडे बघावं लागतं.

'शहीद' हा सरकारी शब्द आहे का?

आपण बोलताना, बॅनरवर, बातमीत शहीद म्हणतो आणि ते भावनेनं बरोबरच आहे. पण सरकारी नियमांत पोलिसासाठी काय आणि सैनिकासाठी काय, 'शहीद' असा दर्जा नाही. २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगासमोर दोन्ही मंत्रालयांनी हेच सांगितलं. कागदावर महत्त्वाचं असतं ते 'कर्तव्यावर असताना मृत्यू' हे लिहिलेलं असणं. कुटुंबाचे सगळे हक्क त्या एका ओळीवर उभे राहतात.

पदकांचंही समजून घ्या. अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र हे शांततेच्या काळातल्या शौर्याचे सन्मान, ते पोलिसांना आणि साध्या नागरिकांनाही मिळू शकतात. त्याशिवाय पोलिसांसाठी शौर्यपदकं वेगळी आहेत. ती २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या निमित्ताने जाहीर होतात. पदक आपोआप मिळत नाही. घटनेचा अहवाल तयार होऊन शिफारस वर जावी लागते.

तिरंग्याचं काय करतात?

अंत्ययात्रेत पार्थिवावर तिरंगा असतो, पण तो चितेवर किंवा कबरीत जाऊ द्यायचा नाही असा ध्वजसंहितेचा नियम आहे. अंत्यसंस्काराआधी तो काढून घडी घालतात आणि मानाने घरच्यांच्या हाती देतात. गावातल्या अंत्ययात्रेत गर्दीच्या रेट्यात हे विसरू नये.

सलामीनंतर घराला काय मिळतं?

कर्तव्यावर मृत्यू झाला तर साधारणपणे कुटुंब निवृत्तिवेतन, सानुग्रह मदत, उपदान, विम्याची रक्कम आणि वारसाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी असे मुद्दे येतात. रक्कम मृत्यू कशात झाला यावर आणि त्या वेळच्या शासन निर्णयावर ठरते. मोबाईलवर 'अमुक कोटी मिळणार' असे आकडे फिरतात, त्यावर विसंबू नका. पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या पोलीस कल्याण शाखेत जाऊन लेखी माहिती घ्या.

घरच्यांनी हे कागद एका पिशवीत नीट ठेवावेत :

- गुन्ह्याची किंवा अपघाताची नोंद आणि पंचनाम्याची प्रत
- शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला
- वारस दाखला, आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक
- सेवापुस्तकात वारस म्हणून कोणाचं नाव लावलंय त्याची माहिती
- पगाराच्या खात्यावर बँकेचं विमा कवच आहे का, याचं बँकेकडून उत्तर

अनुकंपा अर्जाला मुदत असते. दुःखात सहा-आठ महिने असेच निघून जातात आणि नंतर धावपळ होते. इथं गावातला शिकलेला पोरगा, ग्रामसेवक किंवा पोलीस पाटील बरोबर गेला तर मोठा आधार होतो. पोलिसात असलेल्यांनी तर आजच आपल्या सेवापुस्तकातलं वारसाचं नाव तपासून घ्यावं. लग्नानंतर ते बदलायचं अनेकांचं राहून जातं.

सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ अशा केंद्रीय दलांतल्या जवानांच्या कुटुंबांसाठी केंद्राचं 'भारत के वीर' हे संकेतस्थळ २०१७ पासून आहे. तिथून मदत थेट वारसाच्या खात्यात देता येते. कुणी व्हॉट्सअपवर क्यूआर कोड पाठवून शहिदाच्या नावाने पैसे मागत असेल तर आधी खात्री करा.

नंदुरबारकरांना हुतात्मा शब्द नवा नाही

९ सप्टेंबर १९४२ रोजी याच नंदुरबार शहरात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती तिरंगा घेऊन निघाले असताना पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. कोवळ्या वयाची पोरं होती. तेव्हाची वर्दी इंग्रजांच्या हुकमाची होती आणि बंदूक आपल्याच लेकरांकडे वळली होती. नंदुरबार ते विसरलेलं नाही.

ओंबळे यांच्याही अंगावर पोलिसाचीच वर्दी होती, पण ते बंदुकीच्या आणि लोकांच्या मध्ये उभे राहिले. म्हणून नुसत्या वर्दीला मान मिळत नाही. ती घालून माणूस कोणासाठी उभा राहिला, त्यावर मान ठरतो. ठाण्यात गरिबाची तक्रार नीट लिहून घेणारा हवालदारही त्याच वाटेवर असतो.

गावाने काय करावं?

मोठा खर्च लागत नाही. गावातला कुणी पोलीस किंवा जवान कर्तव्यावर गेला असेल तर त्याचं पूर्ण नाव, पद, तारीख आणि ठिकाण ग्रामपंचायतीत आणि शाळेत फलकावर लिहून ठेवा. नाव बरोबर लिहिलंय का ते त्याच्या आईला किंवा पत्नीला विचारून घ्या. घटनास्थळाचे, मृतदेहाचे फोटो पुढं पाठवू नका. ते घरच्या लेकरांच्या मोबाईलवरही पोहोचतात.

बंदोबस्तावरच्या पोलिसाकडेही थोडं माणूस म्हणून बघा. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा काठीच्या होळीला रात्रभर उभा असलेला शिपाई स्वतःचा सण घरी सोडून आलेला असतो. पाण्याचा तांब्या पुढं केला तर तोही सन्मानच आहे.

पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटरचा सराव करत धावणाऱ्या पोरांना भरतीचे मार्क, गोळाफेक, लेखी परीक्षा सगळं पाठ असतं. त्यांना हॉट स्प्रिंग्ज आणि गिरगाव चौपाटीही सांगायला हवी. येत्या २१ ऑक्टोबरला शाळेच्या परिपाठात शिक्षकांनी दोन मिनिटं काढून हे सांगितलं आणि तालुक्यातला कुणी कर्तव्यावर गेला असेल तर त्याचं नाव मोठ्याने वाचलं, तरी पुष्कळ झालं.