छडी, खाऊ आणि मुलाचे डोळे

मुलाला वळण लावायचे म्हटले की आपल्या घरांत दोनच उपाय पुढे येतात: छडी नाहीतर खाऊ. मानसशास्त्रातही पुष्कळ काळ याच धर्तीचा विचार प्रबळ होता. ज्या कृतीचे फळ गोड, ती प्राणी पुन्हा करतो, असे अमेरिकेतील बी. एफ. स्किनर यांचे प्रतिपादन होते. परंतु स्वतः फळ चाखल्याविना मनुष्य काही शिकतच नाही काय?

अल्बर्ट बँड्युरा (१९२५–२०२१) यांनी हाच प्रश्न धरला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेतील ७२ मुलामुलींवर केलेला त्यांचा प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. पाडली तरी पुन्हा उभी राहणारी, हवा भरलेली एक मोठी बाहुली होती. २४ मुलांदेखत एका मोठ्या माणसाने तिला ठोसे लगावले, लाथा घातल्या, हातोडीने बडविले. दुसऱ्या २४ मुलांनी शांतपणे खेळणारा माणूस पाहिला. उरलेल्यांना काहीच दाखविले नाही. मग प्रत्येक मुलाला आवडती खेळणी देऊन ती काढून घेतली, म्हणजे ते किंचित चिडावे, आणि त्या बाहुलीपाशी सोडले. पहिल्या गटातील अनेकांनी तेच ठोसे मारले, तेच शब्दही उच्चारले. कोणी शिकविले नव्हते, खाऊही दिला नव्हता.

बाहुलीला मारणे म्हणजे माणसाला मारणे नव्हे, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला. तो रास्तच आहे. तथापि १९६५ चा त्यांचा प्रयोग मला अधिक विचार करावयास लावतो. या वेळी मुलांना चित्रपट दाखविला. एका गटाने मारणाऱ्याला शेवटी शाबासकी मिळालेली पाहिली, दुसऱ्याने शिक्षा झालेली, तिसऱ्याने यांपैकी काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले. पण ‘पाहिलेस ते करून दाखव, बक्षीस देऊ’ असे म्हणताच तिन्ही गटांनी जवळजवळ सारखेच करून दाखविले! शिक्षेच्या धाकाने कृती दडली होती. शिकणे मात्र केव्हाच होऊन गेले होते.

संत पौलानेही करिंथकरांपुढे नियमांबरोबर स्वतःचे उदाहरण ठेवले होते, ते उगीच नव्हे. मुलांना जपमाळेला बसवून स्वतः ओट्यावर गप्पा मारणारा बाप काय शिकवितो, हे वेगळे सांगावयास नको. आणि दारूच्या नशेत आईवर हात उगारला जातो, पोर कोपऱ्यात गुपचूप बसते, तेव्हा शेजारी म्हणतात, ‘लहान आहे, त्याला काय कळते?’ १९६१ च्या प्रयोगातील सर्वांत धाकटे मूल तीन वर्षे एक महिन्याचे होते.